यूअन रॅटरेचं गैरहजर मत

पोर्ट ड्रमोर, २२ जुलै

यूअन,

तुझं पत्र मंगळवारच्या आगबोटीनं आलं. पहिल्या पानावर वेलिंग्टनचा वारा, दुसऱ्यावर मंत्रिमंडळ, आणि उरलेल्या दोन पानांवर मिसेस पेटिग्रू. तुझी घरमालकीण विधवा आहे हे मागच्या पत्रात कळलं होतं. ती तुझ्या कॉलरी उलटून शिवून देते हे आता कळलं. कॉलर उलटून शिवायची तर आधी ती गळ्यातून उतरावी लागते, एवढं मलाही समजतं.

तिला राजकारणाची जाण फार चांगली, म्हणतोस. सभागृहात भाषण करण्याआधी तू ते तिला वाचून दाखवतोस. आपल्या लग्नाला बावीस वर्षं झाली यूअन, मला तू गिरणीच्या पाटीवरचा मजकूरसुद्धा रंगवायच्या आधी दाखवला नव्हतास.

इकडे सगळं ठीक. जुलै म्हणजे भर हिवाळा, सकाळी पाटाचं पाणी गोठतं, त्यामुळे गिरणीचं चाक दहा वाजेपर्यंत हलत नाही. बेअर्डनं दळायला ओले ओट आणून टाकले आणि वर माझ्याशीच हुज्जत घातली. ते पोतं मी तसंच त्याच्या गाडीत परत टाकलं.

चर्चमध्ये सूर देणाऱ्याचा तुझा कठडा रिकामा होता. तू गेल्यापासून स्तोत्राला सूर द्यायला कोणी नाही. वाद्य तर आपल्याकडे चालत नाही, मग जो तो आपल्या सुरात गातो. मागच्या रविवारी मिसेस बेअर्ड इतकी वर गेली की पुन्हा खाली आलीच नाही. शेवटी चर्चच्या पंचांनी शाळेच्या नव्या मास्तरांना, मिस्टर इनेसना, कठड्यात उभं केलं. आवाज बरा आहे.

मी रागावलेली नाही. थंडीनं बोटं आखडलीत म्हणून अक्षर असं आलंय.

ग्रिझेल


वेलिंग्टन, ३० जुलै

प्रिय ग्रिझेल,

मिसेस पेटिग्रू पन्नाशीच्या आहेत आणि त्यांना बारीकशी मिशी आहे. आता तरी हा विषय मिटव.

इथे आमचं पाऊल कधी कुठे पडेल याचा नेम नाही. सरकार एकेका मतावर तगून आहे. आमचे प्रतोद रोज सकाळी आम्हाला मोजतात, धनगर मेंढ्या मोजतो तसे. विरोधक अविश्वासाचा ठराव आणणार हे पक्कं आहे, फक्त कधी ते माहीत नाही. आपल्या मुख्य प्रधानांनी मला बोलावून, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘रॅटरे, आम्ही राहिलो तर ड्रमोर नदीवर पूल होईल.’ विरोधकांना आपल्या पुलाचं सोयरसुतक नाही. त्यांना उत्तरेकडे रेल्वे हवी आहे. म्हणजे मी इथे एक मत धरून बसलोय, आणि त्या एका मतावर आपला पूल उभा आहे. पलीकडच्या बायकांना सांग, पुढच्या पुरात डॉक्टर कोरड्या पायांनी येईल.

आणि हा इनेस कोण? मी सतरा वर्षं त्या कठड्यात उभा राहिलो. ‘आवाज बरा आहे’ म्हणजे नेमकं काय? बरा म्हणजे चालण्यासारखा, की बरा म्हणजे चांगला? वरची पट्टी धरतो की आपला मधली धरून सुरक्षित राहतो? वय काय? मला काही फरक पडत नाही, सहज विचारतो.

तुझा
यूअन


पोर्ट ड्रमोर, ७ ऑगस्ट

यूअन,

बारीकशी मिशी दिसायला बरंच जवळ जावं लागतं.

आणि पन्नाशीची म्हणजे काय मोठं वय झालं? मी सेहेचाळीसची आहे. माझ्या हाताचं पीठ आंघोळ केली तरी जात नाही आणि पहाटे चार वाजता बांध मोकळा करायला मी जाते. मला उद्या मिशी आली तरी ती पिठात दिसायची नाही.

मिस्टर इनेसबद्दल विचारलंस. वय एकतीस. लग्न झालेलं नाही. वरची पट्टी धरतो, आणि नुसती धरत नाही, तिथे निवांत बसतो. रविवारी शेवटच्या कडव्याला म्हातारा बेअर्ड रडला. बेअर्ड, यूअन! जो स्वतःच्या बायकोच्या आजारपणात रडला नाही. सगळे म्हणतात, इतके दिवस आपण स्तोत्र म्हणत नव्हतो, नुसते ओरडत होतो.

शाळेतली शेगडी फुटली आहे, म्हणून गुरुवारचा सराव आपल्या स्वयंपाकघरात होतो. आठ-दहा जण येतात. मिस्टर इनेस तुझ्या खुर्चीत बसतो, बाकी सगळीकडे पोती असतात ना. माझी ओटची भाकरी तीनदा मागून घेतो आणि तोंडभर तारीफ करतो. जेवणाची तारीफ पुरुषमाणसानं तोंडावर केली की कसं वाटतं, हे मला या वयात कळलं.

तू कॉलरी सांभाळ.

ग्रिझेल


वेलिंग्टन, १४ ऑगस्ट

ग्रिझेल,

कोणती खुर्ची? खिडकीजवळची?

शेगडी फुटली तर शाळेच्या समितीनं नवी बसवावी, समितीला मी पत्र लिहितो. सराव चर्चमध्ये करता येतो. चर्चमध्ये थंडी असते हे मला माहीत आहे, मी सतरा वर्षं त्या थंडीत गायलो आहे आणि कुणाच्या स्वयंपाकघरात शिरलो नाही.

बेअर्ड कशालाही रडतो. त्याच्या डोळ्यांना तो रोगच आहे.

मी आत्ता येऊ शकत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे आणि म्हणूनच तू असं लिहितेस. ठराव या महिन्यात येईल की पुढच्या, कुणी सांगत नाही. प्रतोदांनी बजावलंय, गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. रात्री झोप येत नाही. काल सभागृहात कुणीतरी ‘एकमुखानं’ म्हणालं आणि माझ्या डोक्यात तो इनेस गायला लागला.

तुझं पत्र मी मिसेस पेटिग्रूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, नवरा लांब असला की बायका असं काहीबाही लिहितात, मनावर घेऊ नये. म्हणून मी मनावर घेतलेलं नाही.

यूअन


पोर्ट ड्रमोर, २१ ऑगस्ट

माननीय सभासद श्री. यूअन रॅटरे यांस,

सा. न. वि. वि.

आपण माझी पत्रं आपल्या घरमालकिणीस वाचावयास देता हे वाचून धन्य वाटलं. हेही द्यावं. अक्षर लागलं नाही तर त्यांना चष्मा आणून द्यावा.

येत्या एकतीस तारखेस, रविवारी, चर्चचे पंच श्री. इनेस यांस कठडा कायमचा देणार आहेत. त्यांच्याजवळ नादकाटा नाही. सबब आपल्या वडिलांनी स्कॉटलंडहून आणलेला, कपाटातल्या निळ्या डबीतला नादकाटा मी त्यांस दिला आहे. सूर स्वच्छ लागतो म्हणतात.

कळावे.

आपली नम्र,
ग्रिझेल रॅटरे, गिरणीवाली


वेलिंग्टन, ९ सप्टेंबर

ग्रिझेल,

घरी होतो ते तीन दिवस मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, आणि तूही बोलली नाहीस. आता इथे येऊन लिहितो आहे, कारण बोलायला दुसरं कुणी उरलं नाही.

ते शेवटचं पत्र हातात पडलं आणि मी प्रतोदांना सांगितलं, घरी आजारपण आहे. खोटं नव्हतं, आजारी मी होतो. ठराव आणखी आठवडाभर येत नाही असं सगळेच म्हणत होते. मी बोट धरली.

रविवारी धक्क्यावर उतरलो तो पिशवी खांद्याला तशीच लावून चर्चमध्ये आलो. माझ्या बापाचा नादकाटा त्यानं कठड्यावर टेकवला, कानाशी धरला आणि सूर दिला. गाव गायला लागलं. आणि मी दारात उभा राहून दुसऱ्याच चालीत, सगळ्या ताकदीनिशी, तेच स्तोत्र सुरू केलं. पुढे काय झालं ते तू पाहिलंस. डाव्या बाजूचे बाक माझ्यामागे आले, उजवे त्याच्यामागे राहिले, आणि पाद्रीबाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेवटचं कडवं आम्ही एकमेकांवर कुत्री भुंकावीत तसं संपवलं. पंचांनी त्याला कठडा दिला आणि मला दार दाखवलं.

तो चांगला गातो, ग्रिझेल. माझ्याहून खूप चांगला. मला ते दारातच कळलं होतं, म्हणून तर मी इतक्या जोरात गायलो.

आता पुढचं ऐक. मी बोटीवर होतो त्या शुक्रवारी विरोधकांनी अचानक ठराव आणला. सरकार पडलं. एका मतानं. मी असतो तर बरोबरी झाली असती आणि सभापतींनी रिवाजाप्रमाणे सरकारचीच बाजू घेतली असती. वेलिंग्टनच्या धक्क्यावर उतरलो तर नव्या सरकारची दोन माणसं टोप्या काढून उभी! एकानं माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘रॅटरे, आपण न बोलता बोललात!’ त्यांना वाटतंय मी मुद्दाम गैरहजर राहिलो. मला जकात खात्याचं मंत्रिपद देऊ केलंय. राहायला घर, दाराशी घोडागाडी.

आमच्या बाजूचं कुणी माझ्याशेजारी जेवायला बसत नाही. प्रतोद समोरून आले की रस्ता ओलांडतात. कारण काय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. काय सांगू? की स्तोत्राच्या चालीवरून सरकार पडलं?

उत्तराला त्यांनी दोन आठवडे दिले आहेत. तू लिही, काय करू.

यूअन


पोर्ट ड्रमोर, १६ सप्टेंबर

यूअन,

वादळानं तारा तुटल्या होत्या, म्हणून सरकार पडल्याची तार तू परत बोटीवर चढलास त्या दुपारी इथे आली. संध्याकाळपर्यंत गिरणीच्या दारावर कुणीतरी डांबरानं लिहून गेलं, ‘रॅटरे विकला गेला.’ मी ते घासलं, पण डांबर लाकडात मुरलंय. मग जकात खात्याची बातमी छापून आली. नदीपलीकडची गिऱ्हाइकं येईनाशी झाली. ती आता ओट घेऊन बारा मैल लांबच्या गिरणीत जातात, पण माझ्याकडे येत नाहीत. लोक म्हणतात, तू पूल देऊन खुर्ची घेतलीस.

शुक्रवारी लोकरीच्या गुदामात सभा झाली. तुझा निषेध करायला. बायका मागे उभ्या असतात, बोलत नाहीत. मी पुढे गेले. मी म्हटलं, ‘तो विकला गेला नाही. तो जळत होता. मिस्टर इनेस माझ्या स्वयंपाकघरात येतो म्हणून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्यासाठी आला तो.’

 आणि सगळे हसायला लागले, यूअन.

तोंड दाबून नाही, पोट धरून. मिसेस बेअर्डला खाली बसावं लागलं. ती म्हणाली, ‘ग्रिझेल, नवऱ्याला वाचवायचं तर जरा पटेल असं काहीतरी सांग गं!’ इनेसचे कान लाल झाले. तो बिचारा म्हणाला, ‘मी भाकरीसाठी जातो हो, शपथेवर सांगतो,’ आणि त्यावर आणखी हसले. अध्यक्षांनी मला मायेनं बाजूला केलं, वेडाचा झटका आलेल्या बाईला करतात तसं.

त्यांना सगळं पटतं. तू लाच खाल्लीस, गावाचा गळा कापलास, तोंड लपवून पळालास, सगळं. एका पुरुषानं माझ्यासाठी बोट धरली, एवढंच पटत नाही. मी घरी आले आणि पोत्यावर बसून रडले. तू विकला गेलास असं म्हणाले तेव्हा राग आला होता. हसले तेव्हा जे वाटलं त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

खुर्चीत तो कधी बसला नव्हता. दाराजवळच्या पोत्यावर बसायचा, तेही अंग चोरून. भाकरी तीनदा मागितली हे खरं. बाकीचं मी तिखटमीठ लावून लिहिलं, कारण माझं मन त्या पेटिग्रूबाईवरून पेटलं होतं. आणि तिच्यावरूनच कशाला? तुझ्या सभागृहावरून, प्रधानांनी ठेवलेल्या त्या हातावरून, कठड्यावरूनसुद्धा. सतरा वर्षं रविवारी तू साऱ्या गावाकडे तोंड करून उभा आणि मी बाकावर एकटी, विधवेसारखी. मला तू परत हवा होतास. सरकार पडेल असं वाटलं नव्हतं, पण पडेल हे माहीत असतं तरी लिहिलं नसतं असं मी म्हणणार नाही.

मंत्रिपदाचं विचारतोस. मिसेस बेअर्डच्या पुढच्या बाकावर मंत्र्याची बायको म्हणून बसायला मिळेल. दोन दिवस मी त्या बाकाचाच विचार करत होते. पण तू ते घेतलंस की डांबरानं लिहिलेलं खरं ठरेल, कायमचं. आणि नाही घेतलंस तरी लोक म्हणतील, सौदा फिसकटला. मला जे सांगता येण्यासारखं होतं ते मी सांगून बसले. आता तूच ठरव.

ग्रिझेल


वेलिंग्टन, २५ सप्टेंबर

प्रिय ग्रिझेल,

जकात खातं नाकारलं. त्यांना वाटलं मी जास्त मागतोय, म्हणून त्यांनी टपाल खातंही देऊ केलं. तेही नाकारलं.

इथे एक रिवाज आहे. एखाद्या सभासदाच्या अब्रूचा प्रश्न आला तर त्याला उभं राहून खुलासा करता येतो. मधे कुणी बोलायचं नाही, वाद घालायचा नाही. काल मी उभा राहिलो. या वेळी भाषण कुणाला आधी वाचून दाखवलं नव्हतं, कारण लिहिलंच नव्हतं.

म्हणालो, ‘सभापती महाराज, मी सरकार पाडायला गैरहजर राहिलो नाही, आणि कुणाचं काही घेतलं नाही. माझ्या गावी एक माणूस माझ्याहून चांगला गातो. तो माझ्या बायकोच्या चुलीशी बसतो असं मला कळलं. माझी बायको सेहेचाळीस वर्षांची आहे, गिरणी चालवते, आणि ती त्याच्याकडे बघून हसली असेल या विचारानं मला जेवण जात नव्हतं. मी प्रतोदांना खोटं सांगून घरी गेलो. मत बुडालं, सरकार बुडालं, माझ्या लोकांचा पूल बुडाला. दोष माझा. कारण मात्र तेवढंच.’

हसले. दोन्ही बाजू मिळून हसल्या. या अधिवेशनात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. सभापतींना बराच वेळ ठोकावं लागलं. मला तुझी गुदामातली सभा ऐकू येत होती, म्हणून मी बसलो नाही. हसणं थांबेपर्यंत उभा राहिलो आणि शांत झाल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. जुने प्रधान माझ्याकडे बघत होते. त्यांना पटलं हे मला दिसलं, आणि त्यांनी मला माफ केलेलं नाही हेही दिसलं. बरोबरच आहे त्यांचं.

वार्ताहर शब्दन्‌शब्द उतरवून घेत होते. आज इथल्या वर्तमानपत्रात आलंय, आठवड्यात तिकडे पोचेल.

मिसेस पेटिग्रूंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसल्या. म्हणाल्या, ‘माझ्यासाठी कधी कुणी चहाचा कपसुद्धा अर्धा टाकला नाही.’ मग आत निघून गेल्या. मला वाईट वाटलं. तुला राग येईल, तरी लिहितो.

सभासदपदाचा राजीनामा दिला आहे. ज्यांचा पूल घालवला त्यांच्या नावानं इथे बसवत नाही. कागदपत्रं पुरी व्हायला पंधरवडा लागेल, मग निघतो. कठडा इनेसकडेच राहू दे, नादकाटाही. तुझ्या बाकावर जागा असेल तर मला पुरे आहे.

तुझा
यूअन


पोर्ट ड्रमोर, ३ ऑक्टोबर

यूअन,

वर्तमानपत्र तुझ्या पत्राच्याच बोटीनं आलं. लोकरीच्या गुदामात ते मोठ्यानं वाचायचं ठरलं, आणि वाचायला कोणाला उभं केलं असेल? इनेसला, कारण आवाज त्याचा चांगला. ‘माझ्याहून चांगला गातो’ इथपर्यंत गडी ठीक होता. ‘चुलीशी बसतो’ आलं तेव्हा त्याची अशी बोबडी वळली की पुढचं बेअर्डनं वाचलं. मी मागे उभी होते. सेहेचाळीस वर्षांची, गिरणी चालवते, हे आलं तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. माझं वय साऱ्या वसाहतीत छापून आणल्याबद्दल तुझ्याशी घरी आल्यावर भांडेन.

दुसऱ्या दिवशी मिसेस बेअर्ड पिठाच्या निमित्तानं आली. पीठ तिच्याकडे आहे, मला माहीत आहे. वरपासून खालपर्यंत मला बघत राहिली, आपल्या नजरेतून इतकी वर्षं काय सुटलं ते शोधत असल्यासारखी. मी तिला शोधू दिलं.

पेटिग्रूबाईचं वाचून राग आला नाही. यायला हवा होता.

तुला इथे कुणी हार घालणार नाही, हे आत्ताच सांगते. नव्या सरकारनं कळवलंय की दक्षिणेत या साली एकही पूल नाही, पुढच्या सालीही नाही. ‘विकला गेला’ आता कुणी म्हणत नाही, पण पुलाचं दुःख गेलेलं नाही आणि ते कुणावर तरी निघणारच. गेल्या आठवड्यात पलीकडच्या एका बाळंतिणीला डॉक्टर मिळायला दीड दिवस गेला. वाचली, पण थोडक्यात. तिच्या आईनं मला नाव घेऊन शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

काल पीठ पोचवायला मीच पलीकडे गेले. बर्फ वितळून नदी फुगली आहे. नाव भरलेली होती. मध्यावर आल्यावर नावाडी मॅकफीनं वल्ही थांबवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, ‘ग्रिझेल रॅटरे, तुझ्यामुळे पूल गेला आमचा.’

मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. गुदामात पोट धरून हसलेलीच माणसं होती. आता एकही जण हसत नव्हता.

‘हो,’ मी म्हटलं, ‘माझ्यामुळेच गेला.’

आणि नाव पलीकडे लागेपर्यंत मी मान खाली घातली नाही.

तुझी
ग्रिझेल